चाखायला दिलेल्या मालाचा हिशेब : खान्देशातल्या लहान दुकानदारांसाठी आणि बचत गटांसाठी

चाखायला देणं आपल्याकडे नवीन नाही. वेफर्सची दोन कापं तोंडात टाकल्याशिवाय गिऱ्हाईक भाव विचारत नाही, आणि शेव तोलण्याआधी दुकानदार स्वतःहून चिमूटभर हातावर ठेवतो. पण ते घ्यायला आलेल्यालाच दिलेलं असतं. मुद्दाम परात मांडून, माणूस उभा करून, ठरवून नमुना द्यायचा म्हटलं की गणित बदलतं. संध्याकाळी परात रिकामी होते, दारात गर्दी दिसते आणि गल्ला बराचसा रोजच्याइतकाच भरतो.

यात एक गोष्ट लवकर लक्षात येत नाही. आपल्याकडचं गिऱ्हाईक भिडस्त आहे. चाखलं आणि तसंच निघून गेलं तर बरं दिसत नाही, म्हणून ते पावशेर बांधून घेतं. दुकानदाराला वाटतं नमुना चालला. पण भिडेपोटी घेतलेला पावशेर घरी डब्यात पडून राहतो आणि तो माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूने जातो. माझ्या मते नमुन्याचं यश मोजायचं ते दुसऱ्या खरेदीत. महिन्याभराने तोच माणूस न चाखता तेच पुन्हा मागतो का, एवढंच बघायचं. पुढच्या सगळ्या सूचना त्या एका हिशेबाने दिल्या आहेत.

आधी माल निवडा

जो माल आपोआप खपतो तो चाखायला ठेवू नका. रोज दहा किलो जाणारी साधी शेव परातीत ठेवून नवीन गिऱ्हाईक मिळत नाही, फक्त जुनं गिऱ्हाईक फुकट खातं. नमुना ठेवायचा तो लोकांना माहीत नसलेल्या, किंवा माहीत आहे पण महाग वाटतो अशा मालाचा. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, नव्या चवीचे केळी वेफर्स, तयार काळा मसाला, पाकिटातले बिबडे (ज्वारीचे पापड) असा माल त्यात बसतो.

काळ्या मसाल्याबाबत थोडं थांबून विचार करा. खान्देशात घरोघरी उन्हाळ्यात मसाला कुटला जातो, कुरडया-पापड-बिबडे घातले जातात. ज्या बाईच्या फडताळात स्वतःच्या हातचा मसाला आहे, तिला तुमचा मसाला चाखवणं म्हणजे परीक्षेला बसणं. ती चव घेईल, एक खोट काढेल आणि हसून पुढे जाईल. तुमचं खरं गिऱ्हाईक वेगळं असतं. नोकरीमुळे उन्हाळी कामं सुटलेलं जोडपं, सासर पुण्याला असलेली मुलगी, सुरतेला राहणारा भाऊ. नमुना त्यांच्यासमोर जायला हवा.

एका वेळी एकच माल ठेवा, फार तर त्याच मालाच्या तीन चवी. अमेरिकेत जॅमच्या चवी चाखायला ठेवून केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. २४ चवी मांडल्या तेव्हा थांबणारे लोक जास्त होते, पण त्यातल्या शंभरातल्या तिघांनीच जॅम विकत घेतला. ६ चवी मांडल्यावर थांबणाऱ्यांपैकी शंभरात ३० जणांनी घेतला. नंतरच्या प्रयोगांत प्रत्येक वेळी असाच निकाल आला असं नाही. तरी यात्रेतल्या गर्दीत बारा बरण्या उघडून बसलेल्या गटाची तारांबळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटेल. लोक चाखतच राहतात आणि ठरवत काहीच नाहीत.

चाखवायची रीत मालागणिक वेगळी

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

मसाला कोरडा चाखायला देऊ नका. जिभेवर तो नुसता तिखट आणि कडवट लागतो, त्यातली खोबऱ्याची, धण्याची, दगडफुलाची चव तेलात आणि उकळीत उतरते. लहान पातेल्यात पातळ रस्सा करून शेगडीवर गरम ठेवा आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीच्या तुकड्यावर चमचाभर ओता. भाकरी करायला माणूस नसेल तर पावाचा तुकडा चालतो, पण मग खान्देशी मसाल्याचा दिमाख निम्मा उरतो. रस्सा जितका साधा तितका बरा. त्यात काजू-साय घातली तर गिऱ्हाईक मसाल्याला नाही, काजूला भाळतं, आणि घरी गेल्यावर ती चव येत नाही.

याहून चांगला मार्ग म्हणजे घरी न्यायची पुडी. एका वेळच्या भाजीला पुरेल इतका, साधारण दोन चमचे मसाला, आणि पुडीवर दोन ओळींची कृती. आपल्याच कढईत, आपल्याच हाताने केलेल्या भाजीवर बाईचा जो विश्वास बसतो तो दुकानातल्या चमच्यावर बसत नाही. पुडी मात्र सरसकट वाटू नका. जी दोन प्रश्न विचारते तिला द्या.

भाजीच्या शेवेचं वेगळं आहे. कोरडी शेव सगळ्यांचीच बरी लागते. शेवभाजीत तिचा कस लागतो तो रस्श्यात टिकण्याचा. वाटीत गरम रस्सा घ्या, त्यात शेव टाका आणि गिऱ्हाइकासमोर पाच मिनिटं राहू द्या. शेव फुगली पण मोडली नाही, हे डोळ्यांनी दिसलं की वेगळं बोलावं लागत नाही. पाच मिनिटं माणूस दुकानात उभा राहतो, हा वरचा फायदा.

बिबडे आणि पापड समोरच भाजा किंवा तळा, आणि शेजारी कच्चा नग ठेवा. भाजल्यावर किती फुलतो हे कच्चा पाहिल्याशिवाय कळत नाही. चाखायला पाव तुकडा पुरे. तळणीचं तेल ताजं असू द्या. जुन्या तेलाचा वास पापडाच्या नावावर जमा होतो.

केळी वेफर्स हवेने मरतात. पावसाळ्यात उघड्या परातीत काही मिनिटांत नरम पडतात, आणि नरम काप चाखलेला माणूस पाकिटातलाही माल नरमच समजतो. झाकणाच्या डब्यातून थोडे थोडे काढत राहा. केळी रावेर-यावल भागातली असतील तर ते जरूर सांगा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि बाहेरगावच्या माणसाला त्या नावाची किंमत आहे. केळी दुसरीकडची असतील तर ते नाव फळ्यावर लिहू नका.

घाण्याचं तेल चाखवायला आपल्याकडे आयतीच सोय आहे. खिचडीवर कच्चं तेल घेणारी आपली माणसं. वाटीभर गरम खिचडी करा, घासाएवढी द्या, वर चमचाभर तेल. तेलाचा वास गरम भातावर उठतो, तो बाटलीचं झाकण उघडून येत नाही.

तूरडाळ, पीठ, कडधान्य यांची चव दुकानात देण्यात अर्थ नाही. मूठभर माल कागदी पुडीत द्या, लोक घरी शिजवून बघतील. लोणचं आणि ठेचा चमच्याने वाढा. एकदा तोंडात गेलेला चमचा बरणीजवळ येता कामा नये. अगरबत्ती, साबण, अत्तर यांचं सोपं आहे, एक पेटवा किंवा एक हाताला लावा, झालं.

आणि या सगळ्यांवर एक नियम. चाखायला त्याच खेपेचा माल द्या, जो पाकिटात आहे. नव्या मिरचीचा रस्सा चाखवून जुन्या मिरचीचा मसाला बांधून दिला तर दुसरी खरेदी कधीच होत नाही, आणि हे गावात चार घरांत सांगितलं जातं.

खर्च आधी मांडा

आकडे तुमचे घाला, मी फक्त रीत दाखवतो. समजा वेफर्स तुम्हाला किलोला २०० रुपयांत पडतात. माणशी ५ ग्रॅम, म्हणजे १ रुपया. दिवसभरात १५० माणसं, १५० रुपये. पानाचे लहान द्रोण ५० पैशांनी धरले तर ७५. मदतीच्या माणसाची रोजंदारी ४००. एकूण ६२५ रुपये.

२०० ग्रॅमचं पाकीट ६० रुपयांना विकता, माल आणि पॅकिंग मिळून ४४ पडतात, सुटतात १६. एरवी दिवसाला १२ पाकिटं जातात, त्या दिवशी ४० गेली. जास्तीची २८ पाकिटं, ४४८ रुपये. म्हणजे त्या दिवशी तुम्ही १७७ रुपयांनी खड्ड्यात आहात. पण त्या नव्या माणसांतली १५ जणं पुढे दोन-दोनदा परत आली तर ४८० रुपये सुटतात आणि मग ३०३ रुपये हातात राहतात. कोणीच परत आलं नाही तर १७७ गेले ते गेले.

या उदाहरणात माल फक्त दीडशेचा आहे, माणूस चारशेचा. म्हणून घास लहान करून पैसे वाचत नाहीत. चव कळेल इतका घास द्या आणि काटकसर वेळात करा. दिवसभर माणूस उभा करण्यापेक्षा गर्दीचे तीन तास पुरेत.

कुठे, कधी

मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा ४५ अंशांना टेकतो. दुपारी रस्ते ओस, आणि परातीत काय ठेवलं ते करपतं तरी नाहीतर विटतं. उन्हाळ्यात संध्याकाळी पाचनंतर बसा. हिवाळ्यात सकाळी अकराच्या पुढे, जेवणाआधी, लोकांना भूक असते तेव्हा. जेवून आलेल्या माणसाला मसाल्याचा रस्सा नकोसा होतो.

आठवडी बाजारात गावाकडची माणसं भाजी घेऊन झाल्यावर, एसटी धरण्याआधी थोडी मोकळी असतात. त्या वेळेला बाहेर पडायच्या वाटेवर बसा. बाजारात शिरायच्या तोंडाशी बसलात तर सगळ्यांचे हात रिकामे आणि डोकं भावात अडकलेलं.

यात्रांचं गणित निराळं. दत्तजयंतीला भरणारी सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, चैत्रात धुळ्याला एकवीरा देवीची, वैशाखात अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची, महाशिवरात्रीला मुक्ताईनगरची. इथे हजारो लोक चाखतील, पण बहुतेक पुन्हा तुमच्या दुकानावर येणार नाहीत. यात्रेत चाखवायचं असेल तर पाकिटावर ठळक पत्ता आणि फोन हवा, माल महिनाभर टिकणारा हवा आणि घरपोच पाठवण्याची सोय हवी. यातलं काही नसेल तर यात्रेत नुसता माल विका, नमुना नको.

माझा सगळ्यात आवडता मोका श्रावणातल्या कानबाईचा, म्हणजे खान्देशातल्या घरोघरच्या देवीच्या सणाचा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्यासाठी सुरत, मुंबई, पुण्याहून माणसं गावी येतात आणि परतताना पिशवीत खान्देश भरून नेतात. त्याआधीच्या तीन-चार दिवसांत घरी न्यायची मसाल्याची पुडी द्या. ती सुरतेच्या उधन्यात शिजते आणि पुढची मागणी फोनवर येते.

उपवास लक्षात ठेवा. श्रावणी सोमवार, एकादशी, चतुर्थीला लसणाची शेव पुढे केली तर माणूस हात आखडतो आणि तुम्हालाही अवघडतं. त्या दिवशी उपवासाचे वेफर्स, साबुदाण्याच्या पापड्या ठेवा आणि त्यांची तळणी वेगळी ठेवा. जळगावात जैन गिऱ्हाईक पुष्कळ. कांदा-लसूण असेल तर त्यांनी विचारण्याआधी सांगा. रमजानमध्ये दिवसा पुडी द्या, घास नको.

मांडणी आणि स्वच्छता

परात झाकलेली, घास चिमट्याने किंवा चमच्याने द्यायचा, लोकांचे हात परातीत जाऊ द्यायचे नाहीत. ओला माल गरम असेल तर ६० अंशांच्या वर वाफाळता ठेवा, गार असेल तर ५ अंशांच्या खाली बर्फात. मधल्या कोमट अवस्थेत जंतू वाढतात, आणि बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त ऊन असेल तर तासाभरात तो माल टाकायचा. म्हणून रस्सा थोडा थोडा करा.

प्लॅस्टिकचे चमचे, कप, ताटल्या महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीत आल्या आणि १ जुलै २०२२ पासून देशभर. सातपुड्याकडच्या पळसाच्या पानांचे द्रोण स्वस्त मिळतात, रस्साही धरतात. वर्तमानपत्राच्या कागदावर खाण्याची वस्तू देऊ नका, शाई अन्नाला लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने यावर वेळोवेळी बजावलं आहे.

शेंगदाणा, दूध, गहू काही जणांना बाधतात. मसाल्यात किंवा चटणीत शेंगदाणा असेल तर फळ्यावर लिहा. लहान मुलाच्या हातावर काही ठेवण्याआधी सोबतच्या मोठ्या माणसाला विचारा.

परातीच्या शेजारी, हात पोहोचेल तिथे, भाव लिहिलेली पाकिटं असू द्या. चाखून झाल्यावर माल आतल्या फळीवरून शोधून आणेपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं. लहान पाकीट ठेवाच. पहिल्यांदा घेणारा १०० ग्रॅम घेतो, त्याला अर्धा किलो दाखवू नका.

बोलायचं किती

थोडं. ‘देऊ का बांधून?’ हा प्रश्न चाखल्या चाखल्या विचारला की भीड कामाला लागते आणि आपल्याला नको ती विक्री होते. त्याऐवजी चवीचं विचारा, ‘तिखट जास्त वाटलं का, ताई?’ आणि गप्प बसा. शिरपूर, साक्री, पारोळ्याकडचं गिऱ्हाईक असेल तर सरळ अहिराणीत ‘कसं लागनं, आक्का?’ म्हणा, माणूस मोकळा होतो. जे उत्तर येईल ते ऐका. पाच जणींनी मीठ जास्त म्हटलं तर मीठ जास्त आहे. कारखान्याला यासाठी पैसे मोजावे लागतात, तुम्हाला ते परातीजवळ फुकट मिळतं.

नाही घेतलं तरी चेहरा पडू देऊ नका. ‘असू द्या आबा, पुढच्या वेळी,’ एवढंच. तीन-तीनदा फिरून येणारी पोरं आणि रिकामटेकडे सगळीकडे असतात. त्यांना दुसऱ्यांदाही हसून द्या, तिसऱ्यांदा चमचा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळवा. पाच ग्रॅमसाठी दारात आवाज चढवला तर बाकीचे दहा जण ते बघतात.

कायद्याचं थोडक्यात

फुकट देतो म्हणून अन्नसुरक्षेचा कायदा लागत नाही, हा गैरसमज आहे. २००६ च्या कायद्यात अन्नव्यवसाय नफ्यासाठी असो वा नसो, तो व्यवसायच धरला जातो. नोंदणी किंवा परवाना काढा. चौदा आकडी क्रमांक पाकिटावर आणि दुकानात लावा. घरून माल करणाऱ्या गटांनाही हे लागू आहे.

वजनमापाच्या पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांत १० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या पुडीला सूट आहे. म्हणून मसाल्याची पुडी दहा ग्रॅमच्या आत ठेवणं सोयीचं. पण ती सूट वजनमापाची आहे. पुडीवर नाव, घटक, बनवल्याची आणि वापरायची तारीख, नोंदणी क्रमांक लिहाच. गिऱ्हाइकाला तेवढा हक्क आहे.

जीएसटी भरणाऱ्यांनी नोंद घ्यावी. मोफत नमुना म्हणून दिलेल्या मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये तसं स्पष्ट आहे. ‘एकावर एक’ मात्र नमुना धरत नाहीत. एका किमतीत दोन वस्तू विकल्या असं ते मानलं जातं आणि क्रेडिट मिळतं. मार्च २०१९ च्या परिपत्रकात हे आहे. तुमच्या सीएला एवढं सांगा, तो वह्या वेगळ्या ठेवेल.

‘मोफत’ लिहून मागाहून पॅकिंगचे किंवा हाताळणीचे पैसे घेता येत नाहीत. फसव्या जाहिरातींविरुद्धच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत याला मनाई आहे. नमुना हवा तर मोबाईल नंबर द्याच, अशी सक्तीही करू नका. ज्याला माल पाठवायला हवा तो आपणहून देतो.

एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत नाही. बाळाच्या दुधाची पावडर, दुधाच्या बाटल्या आणि दोन वर्षांखालच्या मुलांचं तयार अन्न यांचे नमुने वाटायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. सेल्समन कितीही गोड बोलला तरी ती पाकिटं दुकानात ठेवू नका.

कंपन्यांचे नमुने

शाम्पू, चहा, कॉफीच्या लहान पुड्या वितरकाकडून येतात. मागितल्याशिवाय त्या सहसा लहान दुकानापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून मागा. तारीख बघून घ्या. ‘विक्रीसाठी नाही’ छापलेली पुडी विकू नका, दोन रुपयांसाठी नाव जातं. आणि तुमचा स्वतःचा माल चाखवायला बसाल त्या दिवशी कंपनीच्या पुड्या आत ठेवा.

वही

शाळेची वही पुरते. तारीख, माल, किती ग्रॅम चाखायला गेला, अंदाजे माणसं, किती पाकिटं विकली, आणि लोक काय बोलले ते एका ओळीत. त्या दिवशी विकलेल्या पाकिटांच्या तळाला पेनाने एक ठिपका द्या. पुढचा महिनाभर तो माल मागणाऱ्या प्रत्येक नव्या चेहऱ्याला सहज विचारा, ‘आधी इथूनच नेला होता का?’ कोणी ठिपक्याचं रिकामं पाकीट घेऊन आलं तर विचारायचीही गरज नाही. परतीची प्रत्येक खूण त्या तारखेसमोर मांडा.

महिन्याने ती पानं उघडा. विक्री भरपूर आणि परतीच्या खुणा दोन-चारच असतील तर माल भिडेवर खपला आहे, चव किंवा भाव यातलं काहीतरी तपासा. विक्री बेताची पण परत येणारे बरेच असतील तर तोच माल पुन्हा ठेवा, तेही दुसऱ्या वेळेला, म्हणजे वेगळी माणसं भेटतील. एकाच मालाचा नमुना तीन महिन्यांच्या वर चालवू नका. तोपर्यंत ज्यांना चाखायचं त्यांनी चाखलेलं असतं आणि पुढे तो निव्वळ नाश्ता होतो. परातीत उरलेलं रात्री बरणीत परत टाकायचं नाही. कोरडं असेल तर घरी खा, ओलं असेल तर टाकून द्या, आणि त्याचं वजन त्याच दिवसाच्या ओळीत लिहा.